रेंजवरचा फटका कोर्सवर का हरवतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोल्फ शिकणाऱ्या मुलांचे पालक आणि निवृत्तीनंतर हौसेने हा खेळ धरलेली मंडळी, दोघांची तक्रार एकच असते : "रेंजवर चेंडू सरळ जातो, कोर्सवर गेलं की काहीच्या काही होतं." रेंज म्हणजे एका जागी उभं राहून चेंडू मारायचं सरावाचं मैदान, आणि कोर्स म्हणजे जिथे प्रत्यक्ष फेरी खेळतात ते मैदान. त्यावरचे उपायही ठरलेले. आणखी एक बादली चेंडू मारले जातात, नवा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी (क्लब), येतो, मोबाइलवर स्विंगचे, म्हणजे क्लब फिरवण्याच्या हालचालीचे, व्हिडिओ पाहून कोपर-मनगटाची दुरुस्ती सुरू होते. नाशिकमध्ये हा खेळ शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचं याबाबत ठाम मत आहे. स्विंग बहुतेकांचा बरा असतो, सरावाची पद्धत चुकलेली असते. हे मत आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांपुढे तपशिलासह मांडावं, म्हणून हे पत्र.

आधी साधा हिशेब पाहू. १८ होलच्या फेरीला चार ते साडेचार तास लागतात. मध्यम खेळाडूचे ९० फटके धरले तर दर फटक्याच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. त्यात प्रत्यक्ष स्विंग दीड-दोन सेकंदांचा, म्हणजे अख्ख्या फेरीत क्लब फिरतो तो जेमतेम तीन मिनिटं. बाकी सगळा वेळ चालण्यात, थांबण्यात, अंतर पाहण्यात आणि काय करायचं ते ठरवण्यात जातो. रेंजवर मात्र ५० चेंडूंची बादली वीस-पंचवीस मिनिटांत रिकामी होते. दर अर्ध्या मिनिटाला एक चेंडू, तोच क्लब, तीच सपाट मॅट, तीच दिशा. सातवा-आठवा चेंडू झकास बसतो, कारण आधीच्या सहांनी हाताला उत्तर सांगून ठेवलेलं असतं. कोर्सवर तो पहिला चेंडूच फटक्यांच्या कार्डावर लिहावा लागतो.

एकाच पाढ्यावरची वीस उदाहरणं सलग सोडवणाऱ्या मुलाला तो पाढा येतो, पण परीक्षेत शाब्दिक उदाहरण आलं की गुणायचं की भागायचं इथेच गाडी अडते. सात नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने) सलग तीस चेंडू मारणाऱ्याचं हेच होतं. हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासात ही गोष्ट जुनी आहे. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या ठरावीक हालचालींवर प्रयोग केला. एका गटाने एक प्रकार पुरता घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने सगळे प्रकार मिसळून केले. सराव चालू असताना घोटणारा गट सरस दिसत होता. दहा दिवसांनी पुन्हा चाचणी झाली तेव्हा मिसळून सराव केलेला गट पुढे होता. रेंजवर समाधान देणारा सराव अंगी लागतोच असं नाही, आणि जो अंगी लागतो तो करताना बऱ्याचदा चिडचिड होते. ही चिडचिड पालकांनीही समजून घ्यायला हवी. मूल आज रेंजवर वेडंवाकडं मारतंय म्हणजे ते मागे पडतंय, असा अर्थ लगेच काढू नये.

अगदी नवख्याला हे लागू नाही. ग्रिप, उभं राहणं आणि क्लब मागे नेण्याची वाट बसेपर्यंत पहिले काही आठवडे एकच क्लब घेऊन घोटावंच लागतं. पण दहापैकी सहा-सात चेंडू हवेत आणि साधारण एका दिशेला जायला लागले की पद्धत बदलायची वेळ आली.

५० चेंडूंची बादली कशी वापरावी? पहिले १० वेजने (जवळच्या, उंच फटक्याच्या क्लबने), अर्ध्या-पाऊण स्विंगने, अंग मोकळं करायला. पुढचे १५ सध्या ज्या एका गोष्टीवर काम चालू आहे तिच्यासाठी. त्यातही दर चेंडूनंतर मॅटवरून खाली उतरायचं, ग्रिप सोडायची, पुन्हा नव्याने उभं राहायचं. उरलेले २५ चेंडू म्हणजे कोर्स. समोरचे दोन खांब किंवा पाट्या निवडून त्यांच्यामध्ये तीसेक यार्डांचा फेअरवे (कापलेल्या गवताचा खेळायचा पट्टा) कल्पायचा. समजा पार ४, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल आहे, ३८० यार्डांचा. पहिला चेंडू ड्रायव्हरने. तो दोन खांबांच्या मध्ये २१० यार्ड गेला तर १७० उरले. हायब्रिड (लांब अंतराचाच, पण ड्रायव्हरहून आखूड क्लब) काढा आणि त्या अंतराच्या पाटीवर मारा. पाटीच्या उजवीकडे गेला तर तुम्ही ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, बाहेर आहात, आता ३० यार्डांचा वेज. ड्रायव्हर खांबाबाहेर गेला असेल तर पुढचा फटका झाडाखालून बाहेर काढायचा, खालचा, पाच नंबरने, अर्ध्या स्विंगचा. लागोपाठ दोन चेंडू एकाच क्लबने नाहीत. असे आठ-नऊ होल २५ चेंडूंत होतात. वेळ मात्र दुप्पट लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

बादलीतले निम्मे चेंडू ड्रायव्हरवर घालवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं : पार ७२ च्या नेहमीच्या कोर्सवर चार होल पार ३ असतात. ड्रायव्हर जास्तीत जास्त चौदा वेळा निघतो, आणि शहाण्या खेळाडूचा दहा वेळाही निघत नाही. ग्रीनवर चेंडू होलमध्ये घालायचा क्लब, म्हणजे पटर, मात्र तीस ते चाळीस वेळा निघतो.

आता फटक्याआधीचा क्रम. रेंजवर आणि कोर्सवर सारखी ठेवता येईल अशी हीच एक गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. चेंडूच्या मागे, लक्ष्याच्या रेषेत, तीन-चार पावलांवर उभे राहा. इथे काय ठरवायचं ते ठरवा : अंतर, वारा, चेंडू कुठे पडला तर चालेल आणि कुठे अजिबात नको. क्लब हातात आला की निर्णय संपला. मग चेंडूच्या पुढे दोन-तीन फुटांवर त्याच रेषेतली एखादी खूण हेरा : वाळलेलं पान, जुना डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताची खूण), गवताचा वेगळा ठिपका. एक सराव स्विंग, तोही जो फटका मारायचा आहे त्याच लांबीचा आणि त्याच वेगाचा. चेंडूजवळ आलात की आधी क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) त्या खुणेकडे लावा आणि मग पाय. उलट केलंत, म्हणजे आधी पाय रोवले आणि मग फेस वळवला, की खांदे भलतीकडेच उघडतात. एकदा लक्ष्याकडे पाहा, लांब श्वास सोडा, मारा. चेंडूवर उभं राहिल्यापासून क्लब हलेपर्यंत सात-आठ सेकंदांहून जास्त जाऊ देऊ नका. त्यापुढे थांबलात की हात आवळतात. मनात शंका आली तर मागे हटा आणि क्रम पहिल्यापासून सुरू करा. २०१९ च्या नियमांनी फटका चाळीस सेकंदांच्या आत खेळावा अशी शिफारस केली आहे, आणि हा सगळा क्रम त्यात आरामात बसतो.

हा क्रम बादलीतल्या शेवटच्या २५ चेंडूंना पूर्णच्या पूर्ण करायचा. कोर्सवर जाऊन पहिल्यांदा केला तर तो मदत करत नाही, उलट नवं ओझं होतो.

दिशेबाबत एक सापळा आहे. रेंजवर मॅटच्या कडा सरळ असतात, शेजारी दिशाकाठी ठेवलेली असते, सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे असतात. डोळ्यांना ही फुकटची मदत मिळते. कोर्सवर यातलं काही नाही, आणि पुष्कळदा टी बॉक्सच (होलचा पहिला फटका मारायची जागा) फेअरवेच्या कडेकडे, झाडांकडे तोंड करून असतो. पाय जमिनीवरच्या कडेशी समांतर लावायची सवय झालेला खेळाडू गुमान त्या झाडांवर नेम धरतो आणि मग स्विंगला दोष देतो. दिशाकाठी सरावात वापरा, पण दोन चेंडू काठीसह आणि तिसरा काठी उचलून. फेरीत क्लब किंवा काठी जमिनीवर ठेवून पाय जुळवणं नियमात बसत नाही. तसं उभं राहिलात की नंतर मागे येऊन ती वस्तू उचलली तरी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत) दोन फटक्यांचा दंड बसतो. मुलांच्या स्पर्धेत हा दंड अजाणतेपणी ओढवू शकतो. वजनाचं कडं लावून क्लब फिरवणं वगैरे सरावाची साधनंही फेरीत चालत नाहीत.

मॅटचा दुसरा दोष यापेक्षा गंभीर आहे. क्लब चेंडूच्या दोन-तीन इंच मागे पडला तरी मॅटवर तो टेकून सरकतो, तळावरून उसळतो आणि चेंडूवर जाऊन आदळतो. आवाज किंचित बोदा येतो, चेंडू पाच-दहा यार्ड कमी जातो, खेळाडू म्हणतो, ठीक आहे. हाच फटका पावसाळ्यात नाशिकच्या काळ्या मातीवर मारून पाहा. क्लबची पुढची कड चेंडूच्या मागे जमिनीत घुसते, चिखलाचा गोळा उडतो आणि चेंडू वीस यार्डांवर पडतो. चूक दोन्हीकडे तीच होती, मॅटने ती झाकली होती. ती उघडी पाडायचे दोन मार्ग आहेत. मॅटवर चेंडूच्या मागे चार इंचांवर चौपदरी घडी घातलेला पंचा ठेवा. त्याला स्पर्श न होता चेंडू उडाला पाहिजे. गवत मिळत असेल तर क्रिकेटच्या मैदानावर आखतात तशी फक्कीची रेष आखा, तिच्यावर चेंडू न ठेवता दहा स्विंग करा आणि डिव्हट कुठून सुरू होतो ते पाहा. डिव्हट रेषेपासून किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, सुरू व्हायला हवा. मागे सुरू होत असेल तर बहुधा वजन मागच्या पायावर राहतंय किंवा चेंडू हवेत उचलायचा प्रयत्न होतोय. आयर्नला तो उचलावा लागत नाही, त्याच्या तिरप्या फेसची रचनाच त्यासाठी आहे.

सपाट मॅटवर उताराचाही सराव होत नाही. चेंडू पायांपेक्षा उंच असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे झुकतो, आणि क्लब जितका तिरप्या फेसचा तितका जास्त झुकतो. अशा वेळी ग्रिप इंचभर खाली धरा आणि नेम उजवीकडे ठेवा. चेंडू पायांच्या खाली असेल तर उलट. तेव्हा गुडघे थोडे जास्त वाकवा आणि शेवटपर्यंत तसेच ठेवा. मध्येच उभं राहिलात की क्लब चेंडूच्या डोक्याला लागतो. चढावर खांदे उताराला समांतर ठेवा. चेंडू उंच आणि कमी जातो, म्हणून एक नंबर जास्त अंतराचा क्लब घ्या, सातऐवजी सहा. उतारावर चेंडू खालून आणि पळत जातो, म्हणून एक नंबर कमी अंतराचा, सातऐवजी आठ. जिथे गवताळ बांध किंवा उंचवटा असेल तिथे आठवड्यातून पंधरा मिनिटं हे चार प्रकार नुसते वेजने केले तरी फरक पडतो.

अंतराबद्दल दोन गोष्टी. रेंजचे चेंडू झिजलेले, टणक, निरनिराळ्या वयाचे असतात. त्यांच्यावर मोजलेलं अंतर कोर्सवर जसंच्या तसं धरू नका. आपण खेळताना वापरतो तेच दहा चेंडू घ्या, शांत वेळी, परवानगी असेल तिथे मारा, हवेतून किती गेले ते मोजा, सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत आखूड दोन सोडा, उरलेल्या सहांची सरासरी काढा. ते तुमचं अंतर. "मी एकदा सात नंबरने १६० मारलाय" ही आठवण बंकरपुढच्या फटक्याला घात करते. सरासरी १४० असेल आणि बंकरची (वाळूच्या खड्ड्याची) पलीकडची कड १४५ वर असेल, तर तुम्ही बहुतेक वेळा वाळूत जाणार.

दुसरी गोष्ट इथल्या हवेची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. मुंबईच्या तुलनेत इथे पूर्ण फटका साधारण दोन टक्के लांब जातो, म्हणजे १५० यार्डांना तीनेक यार्ड. पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी थंड, जड हवेत आणि स्वेटर घातलेल्या अंगाने हा फायदा संपून वर तोटाच होतो. दवाने ओल्या फेसवर चेंडूला फिरकी कमी मिळते, म्हणून तो ग्रीनवर थांबत नाही. दर फटक्याआधी फेस पुसायची सवय थंडीत रेंजवरच लावून घ्या. पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच रुततो, पुढे घरंगळत नाही. मे महिन्यात भाजलेल्या जमिनीवर तोच फटका वीस यार्ड जास्त पळतो. तेव्हा ग्रीनच्या आधी टप्पा पाडून आठ नंबरने सरपटत नेणं हे वेजने उंच उडवण्यापेक्षा सुरक्षित. जूनमध्ये शिकायला लागलेल्या मुलाने हा फटका पाहिलेलाच नसतो, उन्हाळ्यात तो वेगळा शिकवावा लागतो.

ग्रीनच्या आसपासच्या खेळाला रेंजवर सर्वांत कमी वेळ मिळतो. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, चौथी आली. पदक एका फटक्याने हुकलं. तिचे ड्राइव्ह त्या स्पर्धेतल्या बहुतेकींपेक्षा आखूड होते. तिला तिथवर नेलं ते तिच्या पटिंगने. हे उदाहरण आपल्या मुलांपुढे वारंवार ठेवायला हवं, कारण त्यांना दाखवले जातात ते ३०० यार्डांचे ड्राइव्ह.

पटिंगचा सराव एकाच चेंडूने करा. तीन चेंडू घेतले की पहिला चुकतो आणि दुसरा सुधारतो. कोर्सवर दुसरा नसतो. ग्रीनवर नऊ जागा निवडा : तीन जवळच्या, तीन पंधरा फुटांच्या, तीन तीस फुटांच्या. प्रत्येक ठिकाणाहून एकदाच सुरुवात करायची आणि चेंडू होलमध्ये जाईपर्यंत खेळायचं. नऊ जागांना १८ पट लागले तर चांगलं, २० च्या वर गेले तर लांबच्या पटचा वेग तपासा. तीन पट लागतात ते बहुतेक दिशेमुळे लागत नाहीत, अंतर चुकल्यामुळे लागतात. तीस फुटांवरून चेंडू होलच्या एक हात बाजूने गेला तरी चालेल, सहा फूट अलीकडे थांबला तर पुढचा पट जड जातो. चिपिंगही (ग्रीनबाहेरून मारायचे छोटे फटके) तसंच : एक चेंडू टाका, चिप करा, पटर घ्या आणि तो संपवा. दहा चेंडूंपैकी किती वेळा दोन फटक्यांत काम झालं ते लिहून ठेवा.

घरी फरशी फार वेगवान असते, जाड सतरंजी किंवा गालिचा बरा. चेंडूच्या पुढे दीड फुटावर एक रुपयाची दोन नाणी चेंडूच्या रुंदीहून जरा जास्त अंतरावर ठेवा आणि त्यांच्यामधून चेंडू काढा. दिशेसाठी एवढं पुरतं. मात्र एक विनंती आहे. गोल्फ क्लब मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, या नावावर जाऊन कुणी मुलांना तिथे चेंडू मारायला नेऊ नये. सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची आणि क्रिकेट खेळणाऱ्यांची तिथे वर्दळ असते. गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमपर्यंतचा आणि टणक असतो, वेजचा चुकीचा फटकाही डोळा घालवू शकतो.

राहता राहिलं दडपण. पहिल्या टीवर चार लोक बघत असतात तेव्हा ग्रिप घट्ट होते, क्लब मागे पुरता जात नाही आणि खाली येताना घाई होते. "रिलॅक्स" म्हणून हे जात नाही. सरावात थोडं दडपण आणावं लागतं. होलभोवती तीन फुटांवर आठ चेंडू गोलाकार ठेवा आणि सलग आठही पट घाला. एक चुकला की पहिल्यापासून. पंधरा मिनिटांत झालं नाही तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. सातव्या-आठव्या पटला हात कसे होतात ते कळतं, आणि तेच कळायला हवं. आमचा सर्वांत आवडता सराव मात्र शेवटच्या चेंडूचा आहे. बादलीतला एक चेंडू बाजूला काढा. सगळे क्लब बॅगेत ठेवा, पाणी प्या, पाच मिनिटं चाला किंवा बसा. मग परत या, ड्रायव्हर काढा, दोन खांब ठरवा, पूर्ण क्रम करा आणि तो एकच चेंडू मारा. आत गेला तर 'हो', बाहेर गेला तर 'नाही', असं वहीत लिहा आणि घरी जा. दुसरा चेंडू मागायचा नाही. पहिल्या टीवर जे होतं त्याच्या जवळ जाणारं रेंजवर यापेक्षा दुसरं काही नाही.

फटका मारताना मनात काय असावं? एकच गोष्ट, आणि तीही शक्यतो शरीराबाहेरची. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गोल्फच्या छोट्या पिच फटक्यावर अभ्यास केला. त्यात हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्या नवख्यांपेक्षा क्लबच्या झोक्याकडे लक्ष देणारे जास्त अचूक ठरले. म्हणून कोपर, मनगट, कंबर यांची यादी रेंजवर सोडून या. कोर्सवर "चेंडू त्या खुणेवरून जाऊ दे" एवढं पुरे. स्विंगची दुरुस्ती फेरीच्या मध्येच सुरू करणं हा सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे. तिसऱ्या होलवर चेंडू उजवीकडे वळायला लागला तर आज उजवीकडे वळणारा खेळ आहे असं धरा, नेम डावीकडे घ्या आणि १८ होल तसेच काढा. दुरुस्ती उद्या, रेंजवर.

खेळाच्या दिवशी चाळीस मिनिटं आधी पोहोचा. आधी पटिंग ग्रीनवर दहा मिनिटं, लांबचे पट, फक्त वेग जोखायला. मग दहा चिप. मग वीस-पंचवीस चेंडू, वेजपासून वर चढत, शेवटचा चेंडू पहिल्या टीवर जो क्लब काढणार त्यानेच. स्ट्रोक प्ले असेल तर फेरीपूर्वी त्या दिवशी कोर्सवर सराव करता येत नाही. सरावाची जागा आणि पहिल्या टीजवळचं पटिंग-चिपिंग चालतं. सोबत सुका पंचा ठेवा, घामाने ग्रिप ओली झाली की हात नकळत आवळला जातो. एप्रिल-मेमध्ये दर दोन होलना पाणी, आणि नवव्या होलनंतर चिक्की किंवा केळं. शेवटच्या चार होलवर स्कोअर बिघडतो तो बऱ्याचदा भुकेने आणि उन्हाने बिघडतो, खापर स्विंगवर फुटतं. कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) सोबत असेल तर त्याला तीन गोष्टी विचारा : वारा, मधल्या अडथळ्यापर्यंतचं अंतर आणि कुठे जायचं नाही. ग्रीनचा उतार त्याच्याइतका कुणाला माहीत नसतो. त्याचं ऐकणं आणि त्याच्याशी नीट बोलणं हेही मुलांना शिकवावं.

फेरी संपल्यावर कार्डावर नुसते आकडे उरतात, त्यातून सराव ठरत नाही. वाया गेलेल्या प्रत्येक फटक्यापुढे एक अक्षर लिहा : निर्णय चुकला तर 'नि', दिशा चुकली तर 'दि', चेंडू नीट लागलाच नाही तर 'फ'. तीन-चार फेऱ्यांची कार्डं समोर ठेवली की चित्र दिसतं. 'नि' जास्त असतील तर आणखी बादल्या मारून काही होणार नाही. अशा खेळाडूने कोर्सवर पुढच्या, म्हणजे होलला जवळच्या, टीवरून खेळावं, किंवा पाचच क्लब घेऊन नऊ होल खेळावेत. पर्याय कमी झाले की डोकं चालतं. 'फ' जास्त असतील तरच रेंजवर मुक्काम.

नाशिकमधल्या गोल्फ शिकवणाऱ्या संस्थांकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. आठवड्यातून एक दिवस तरी विद्यार्थ्यांना गवतावरून मारू द्या. फी बादलीवर न घेता तासावर घ्या. बादलीवर फी असली की जो तो पैसे वसूल करायला भराभर मारतो. ग्रीनच्या आसपासच्या खेळासाठी वेगळा कोपरा ठेवा, तिथे शिक्षकही उभा ठेवा. कोर्सवर गर्दी नसते अशा दुपारी मुलांना तीन होल खेळायला सोडा, शिक्षकाने मागून चालावं आणि फेरी संपेपर्यंत बोलू नये.

आणि पालकांनी प्रवेश घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या तीन महिन्यांत मूल कोर्सवर किती वेळा जाईल? पटिंग आणि चिपिंगला आठवड्यातले किती तास? आणि सरावाची नोंद कोण ठेवणार? पहिल्या प्रश्नाला "आधी स्विंग पक्का बसू द्या, कोर्सचं पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर आलं, तर दुसरीकडे चौकशी करावी.

आपले,
गोल्फचे काही प्रशिक्षक,
नाशिक